मलकापूर स्टेशनावर मागितलेलं झबलं

लग्न, मयत आणि देव या तीन कारणांशिवाय आमच्या घरात कोणी ट्रंक भरल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे एका उन्हाळ्यात आमच्या यजमानांनी जेवता जेवता "यंदा सुट्टीत पचमढीले जाऊ" असं म्हटलं, तेव्हा सासूबाईंचा वाढता हात तसाच थांबला.

"कोणाचं लगीन हाये तिकडे?"

"कोणाचंच नाई."

"मंग कोण गेलं?"

"कोणी गेलं नाई, माय. फिराले जाऊन राह्यलो. हवा खाले."

"चिखलीत हवा नाई काय?" असं म्हणून सासूबाईंनी यांच्या ताटात जरा जास्तच भात वाढला आणि त्या आत निघून गेल्या.

हे चिखलीच्या शाळेत मास्तर होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि ऊन तापलं की नागपूरचं सरकार दफ्तरं-शिपायांसकट पचमढीच्या डोंगरावर जाऊन बसायचं. त्या दफ्तरात यांचा शाळेपासूनचा मित्र कारकून होता. त्याला तिथं दोन खोल्या मिळायच्या आणि दर वर्षी तो यांना बोलवायचा. दर वर्षी यांचं एकच उत्तर असायचं, पुढच्या वर्षी बघू. ते असं का म्हणायचे हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

माझी पहिली मुलगी चालायला लागली आणि तापानं गेली. तिच्या पाठचा मुलगा तेवढाही टिकला नाही. तिसरं पोटात होतं तेव्हा माझी आई उंद्रीहून आली आणि कोणाला न विचारता बालाजीला नवस बोलून बसली: हे लेकरू जगलं तर त्याच्या अंगाला विकतचा धागा लागणार नाही. तिसरं वर्ष लागलं की दसऱ्याच्या सुमारास देऊळगाव राजाला न्यायचं, बालाजीपुढं जावळ उतरवायचं, आणि तोवर त्यानं घालायचं ते दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावरून उतरलेलं, मागून आणलेलं. अशा पोरावर मरणाची नजर जात नाही, अशी आमच्याकडची समजूत. मागण्याचेही कायदे होते. पदर पसरून मागायचं. बदल्यात काही द्यायचं नाही. आणि का मागतो ते सांगायचं नाही. कारण सांगितलं की ती भीक राहत नाही, उसनवारी होते, असं आई म्हणायची. आईचा पदर तेवढा पोराभोवती गुंडाळलेला चालायचा. पदर म्हणजे कापड नव्हे, आईच, असा तिचा हिशेब होता.

माहेरी, उंद्रीत, हे मागणं म्हणजे गंमतच असायची. मी पदर पसरून दारात उभी राहिले की आतून बाया ओरडायच्या, "आली वं, मास्तरची भिकारीण आली!" कोणी झबलं टाकायची, कोणी टोपडं, कोणी बजावायची, "फाडू नको वं, माह्या दुसऱ्याच्या कामी येईन." तिथं सगळ्यांना सगळं माहीत होतं, त्यामुळे न सांगण्याचा कायदा पाळायला काहीच कष्ट पडत नव्हते. मी हसत हसत गाठोडं भरून आणायची.

चिखलीत तसं नव्हतं. एक बाही लाल, एक पांढरी, पोटावर तिसऱ्याच लुगड्याचं ठिगळ, असं पोर कडेवर घेऊन मी आमच्याच दारात उभी राहिले की येणारी-जाणारी बाई थांबायची आणि कपाळाला आठी घालून विचारायची, "आधीचे गेले व्हय, बाई?" मास्तरच्या बायकोच्या कडेवर ठिगळाचं पोर दुसऱ्या कशानं असणार? मी हो म्हणायची. हे जवळ असले तर त्यांना नेमकं तेव्हाच काहीतरी काम आठवायचं आणि ते निघून जायचे. मी मनात म्हणायची, शिकलेला माणूस आहे, लाज वाटते त्याला चिंध्यांची. पचमढीचं दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकललं जायचं तेही त्यामुळेच, असं मी धरून चालले होते. त्या वर्षी मात्र मित्राची बदली ठरली होती. आता नाही तर कधीच नाही, म्हणून हे तयार झाले.

निघायच्या आदल्या दिवशी मी मागितलेल्या कपड्यांचं गाठोडं ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलं. हे म्हणाले, "तू दशम्या कर. ट्रंक मी भरतो." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, यांनी कधी स्वतःचा पंचा घडी केला नव्हता. नवरा आपणहून ट्रंक भरतो म्हणाला की बाईनं सावध व्हावं, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. मी उलट सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं आनंदले.

मोटार चिखलीहून बुलढाण्याला आली. तिथं बंद गळ्याचा कोट घातलेले एक गृहस्थ चढले आणि आमच्या शेजारी बसले. कचेरीतले असावेत, ते यांना तोंडओळखीनं ओळखत होते. शाळेच्या, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग त्यांची नजर माझ्या मांडीवर गेली. पोरगा लाल बाही चोखत होता आणि मधूनमधून यांच्याकडे झेपावत होता. दोन वर्षांचं पोर ते, त्याला बापाच्या खिशातली शिसपेन्सिल हवी होती.

"मास्तर, हे लेकरू कोणाचं?"

हे काचेतून समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "हिच्या माहेरकडचं हाये," म्हणाले.

 मी पदर तोंडाशी धरला आणि खाली मान घातली. मोटारीत इतकी माणसं, आणि आपल्या नवऱ्यानं आपलं पोर नाही म्हणून सांगितलं, ही लाज कुठं ठेवावी ते कळेना. ओरडून सांगावं, "यांचंच हाये हो, नाक बघा!" असं मनात आलं. पण नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायची आमच्यात रीत नव्हती, आणि मीही काही तेवढी धीट नव्हते. मी पोराचे हात धरून त्याला मागं ओढत राहिले. तो पुन्हा पुन्हा तिकडेच झेपावत राहिला.

पुढं राजूरचा घाट लागला. दुसऱ्या की तिसऱ्या वळणाला पोरगा गप्प झाला आणि मी ओळखलं. पण ओळखून काय होतं? सकाळचा दूधभात त्यानं त्या गृहस्थांच्या बंद गळ्याच्या कोटावर ओकून टाकला. ते "अरे, अरे" करतात तोवर खालच्या बाजूनंही कार्यक्रम उरकला. मोटारीत कोण नाकाला उपरणं लावतो, कोण ड्रायव्हरला थांब म्हणतो. मोटार थांबली. यांनी पोराच्या अंगावरचं झबलं दोन बोटांनी ओढून काढलं आणि सरळ दरीत फेकलं.

"अहो, धुतलं असतं की मी!"

"दुसरं हाये ना ट्रंकेत," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

मी फिरकीच्या तांब्यातलं सगळं पाणी त्या गृहस्थांच्या कोटावर आणि पोराच्या ढुंगणावर वाटून टाकलं. गृहस्थ माणूस वाईट नव्हता. कोट पुसता पुसता एवढंच म्हणाला, "दुसऱ्याचं पोट्टं प्रवासात आणाच कायले, मास्तर?"  मलकापूर येईतो पोरगा माझ्या पदरात उघडाच झोपला.

मलकापूरला मुसाफिरखान्यात एक कोपरा धरून मी ट्रंक उघडली. वर यांची धोतरं, खाली माझी लुगडी, आणि मध्ये कागदात गुंडाळलेला एक पांढरा सूट, निळ्या गळपट्टीचा, खलाशाची पोरं चित्रात घालतात तसला. मुंबईच्या दुकानाची चिठ्ठी अजून लावलेली होती. माझं गाठोडं नव्हतं. मी तळापर्यंत हात घातला, वळकटी सोडून बघितली.

"घरी कोठीवर ठेवलं," हे म्हणाले. "तिथं चार घरची माणसं येतील, दोस्ताच्या साहेबांच्या बायका येतील. थोडे दिवस हे घाल. कोणाले कळणार हाये?"

"बालाजीले कळणार हाये."

"तू पण ना!"

"मी पण काय? दोन देऊन बसले. आता हा सूट घालू याच्या अंगात? तुमच्या हातानं घाला मंग. घाला!"

मी सूट त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी तो धरला, पण पोराला हात लावला नाही. तेवढ्यात फलाटावरचा एक जण म्हणाला की गाडीनं शेगाव सोडलं. पोर उठून बसलं आणि उघड्या अंगाला मुसाफिरखान्याची फरशी गार लागते म्हणून हसायला लागलं. पचमढीला उन्हाळ्यातही रात्री पांघरूण लागतं असं हेच सांगत होते. इतके दिवस पदरात बांधून पोर कसं राहणार? आणि परत जायचं म्हटलं तर बुलढाण्याची मोटार दुसऱ्या दिवशी.

मग मी पदर खोचला, पोराला यांच्या पुढ्यात बसवलं आणि उठले.

उंद्रीत पदर पसरणं आणि मलकापूरच्या फलाटावर पदर पसरणं यांत काय फरक आहे, ते मला पहिल्याच बाईपाशी समजलं. ती लग्नाला निघालेली दिसत होती. अंगावर शालू, मांडीवर काजळ घातलेलं पोर. मी म्हटलं, "बाई, एखादं जुनं झबलं वाढा लेकरासाठी." तिनं माझ्या नाकातली नथ बघितली, हातातल्या पाटल्या बघितल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "चांगल्या घरची दिसते, अन् बघा." नवऱ्यानं सामानावरचा हात घट्ट केला. मी चोर वाटले असणार. कारण सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर ती बाई लगेच विरघळली असती, हे मला दिसत होतं. ओठांवर आलेले शब्द मी गिळत होते आणि कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

दुसरीनं "पुढं जा" म्हटलं, अगदी सवयीनं, मान वर न करता. तिसरी म्हातारी होती. तिला कमी ऐकू येत होतं. तिनं माझ्या पसरलेल्या पदराकडे बघितलं, हळहळली, आणि आपल्या शिदोरीतली अर्धी दशमी काढून पदरात टाकली. वर लोणच्याची फोडही ठेवली. मी ती अर्धी दशमी घेऊन तशीच उभी राहिले. माझ्या ट्रंकेजवळ आमच्या दशम्यांचा डबा भरलेला होता, तुपात केलेल्या. आयुष्यात कितीदा तरी लाजले असेन, पण धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, हे मला तेव्हा एकदाच खरंखुरं वाटलं.

मागं बघितलं तर हे पोराला कडेवर घेऊन उभे होते. माझ्या पदरातली दशमी त्यांना दिसली होती. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी भांडायचं विसरले.  फलाटाच्या टोकाला निंबाखाली एक बाई बसली होती तिकडे ते सरळ चालत गेले, आणि हातातला तो पांढरा सूट त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला.

ती सोनाळ्याकडची होती, असं मागाहून तिच्या बोलण्यात आलं. मलकापूरच्या जिनात, कापूस पिंजून सरकी काढतात तिथल्या धुरळ्यात, हंगामभर राबून नवऱ्याबरोबर गावी परत चालली होती. तिचं पोर आमच्याच्याएवढं. ती उठून उभी राहिली. "हे काय, बाप्पा?"

"तुझ्या लेकराले. तुझंच झालं हे आता," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आता माग."

मास्तरच ते. कायद्यातून वाट काढली होती. सूट आता त्या बाईचा. तिनं दिला तर तो विकतचा नाही, मागितलेला. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांना मिठी मारावी असंही वाटलं. दशमी बाजूला ठेवून मी त्या बाईपुढं पदर पसरला.

"बाई, लेकरासाठी अंगावरचं काही वाढा."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग यांच्याकडे, मग आमच्या उघड्या पोराकडे. सूट तिनं उलटापालटा करून बघितला. निळी गळपट्टी बोटांनी चाचपली. मला वाटलं, आता देते. तिनं सूट काखेत मारला, आपल्या पोराला पुढं ओढलं, आणि त्याच्या अंगातलं मळकं, काखेत उसवलेलं झबलं डोक्यावरून काढून माझ्या पदरात टाकलं.

"नवं माह्या पोराले राहू दे," ती म्हणाली. "कधी भेटते त्याले? तुले तं जुनंच पाह्यजे ना वं."

आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. यांच्या सगळ्या युक्तीचं तिनं एका वाक्यात पाणी केलं होतं. अन् तिचं काय चुकलं होतं? दिलेलं दिलं. माझ्या मनात क्षणभर आलं, ह्या बाईनं आपला सूट लाटला. आणि लगेच माझी मलाच लाज वाटली, कारण मीच तर विकतचा धागा नको म्हणून सकाळपासून जीव काढत होते.

मी झबलं पोराला घातलं. त्याला सरकीचा आणि दुसऱ्या पोराच्या घामाचा वास होता. ते आखूड होतं, पोट उघडं राहत होतं. ती बाई आपल्या पोराला सूट चढवता चढवता सहज, बाजारात भाव विचारावा तशी म्हणाली, "किती गेले वं आधीचे?"

 मी दोन बोटं दाखवली. हे तिथंच उभे होते. त्यांना काम आठवलं नाही, पण ते रुळांकडे बघत राहिले. नांदुऱ्याहून गाडी सुटल्याची घंटा झाली आणि सगळा फलाट उठला.

यांनी हौसेनं थर्डच्या वरची, इंटरची तिकिटं काढली होती. डब्यात चढलो तर समोरच्या बाकावर तेच बंद गळ्याच्या कोटाचे गृहस्थ, भुसावळला निघालेले. कोट धुऊन खिडकीला वाळत टांगला होता. मला परत मोटारीत जाऊन बसल्यासारखं झालं. गाडी हलली. खिडकीतून निंबाखालचं ते पोर दिसलं, पांढरा सूट घालून दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभं होतं. आमच्या पोरानं त्याच्याकडे बोट दाखवलं आणि तो यांच्या मांडीवर चढून बसला. यांनी त्याला मागं दिलं नाही.

गृहस्थांनी त्या झबल्याकडे बघितलं. सकाळचं निदान धुतलेलं तरी होतं.

"मास्तर," ते जरा दबक्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्याचं असलं म्हणून काय झालं? लेकराले कपडे तरी धड घालावे माणसानं."

मी तोंड उघडलं. आता रीत बाजूला ठेवायची असं मी ठरवलंच होतं. पण माझ्या आधी हेच बोलले.

"दुसऱ्याचं नाई. माझा हाये." मग थांबले. गाडीनं तेवढ्यात वेग धरला होता. "तिसरा. आधी एक मुलगी होती. मंग एक मुलगा."

मुलगी हा शब्द ती गेल्यापासून मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. घरात नाही, देवापुढे नाही, माझ्यापाशी तर नाहीच. मी मेलीनं दोन वर्षं चिंध्यांची लाज, चिंध्यांची लाज म्हणून त्यांना मनात बोल लावले. चिंध्यांनी त्यांचं काय बिघडवलं होतं? त्या बघून जो तो विचारत होता, आणि त्या प्रश्नासमोर या माणसाला उभं राहवत नव्हतं. पोर माहेरकडचं म्हटलं की आधीचे किती गेले हे कोणी विचारत नाही. एवढ्यासाठी ते सूट आणतील, गाठोडं लपवतील, खोटं बोलतील, पण मला एका शब्दानं सांगणार नाहीत. मी तोंड खिडकीकडे वळवलं, कारण मला रडू आवरेना आणि ते त्यांना दिसायला नको होतं.

 मग गृहस्थांनी विचारलं, "केवढी होती?"

"चालाले लागली होती," हे म्हणाले, आणि त्यांनी ते आखूड झबलं खाली ओढून पोराचं पोट झाकलं.